थाय लिफ्ट करून घेण्यापूर्वी: मांड्यांच्या शस्त्रक्रियेची टप्प्याटप्प्याने माहिती

बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर (वजन घटवण्यासाठी जठर-आतड्यांवर केली जाणारी शस्त्रक्रिया) किंवा आहार आणि व्यायामाच्या जोरावर तीस-चाळीस किलो वजन उतरले, तरी पोट, दंड आणि मांड्यांवरची त्वचा त्या प्रमाणात आकसत नाही. मांडीच्या आतल्या बाजूची त्वचा मुळातच पातळ असल्याने ती घड्या पडून गुडघ्याकडे ओघळते, चालताना घासते, घामाने ओली राहते आणि पावसाळ्यात तिथला नायटा हटता हटत नाही. ही जादा त्वचा व तिच्याखालची थोडी चरबी कापून काढून उरलेली त्वचा ताणून शिवणे, याला थाय लिफ्ट म्हणतात.

जे. आर. लुईस या अमेरिकी शल्यविशारदांनी १९५७ मध्ये या शस्त्रक्रियेचे वर्णन प्रसिद्ध केले. सुरुवातीच्या पद्धतीत सगळा भार त्वचेच्या टाक्यांवर पडत असे. त्यामुळे वर ओढलेली त्वचा काही महिन्यांत पुन्हा घसरे, जांघेत लपलेला वण मांडीवर उतरे आणि स्त्रियांमध्ये योनिमुखाच्या कडा बाहेर ओढल्या जात. टेड लॉकवुड यांनी १९८८ मध्ये हा भार जांघेतील कोलिस फॅशिया या चिवट पडद्यावर टाक्यांनी अडकवण्याची पद्धत मांडली, आणि जांघेतून केल्या जाणाऱ्या थाय लिफ्टमध्ये ती आजही वापरली जाते. हा इतिहास येथे सांगण्याचे कारण व्यावहारिक आहे. त्वचा पुन्हा उतरणे आणि वण सरकणे हे धोके कमी झाले असले तरी संपलेले नाहीत, आणि सल्ल्याला गेल्यावर त्यांबद्दल विचारणे हा तुमचा हक्क आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्वीकारलेली बरी. या शस्त्रक्रियेत लोंबती त्वचा जाते आणि तिच्या जागी कायमचा, लांब वण येतो. शिवाय ही जखम शरीराच्या अशा भागात असते, जो बसता-उठता हलतो, सदैव दमट राहतो आणि शौचाच्या जागेला लागून असतो. पुढची बहुतेक तयारी आणि बहुतेक त्रास या एका वस्तुस्थितीतून येतो.

पहिली पायरी: ही शस्त्रक्रिया आपल्यासाठी आहे का

आरशासमोर उभे राहून मांडीच्या आतल्या बाजूची त्वचा चिमटीत धरून पाहावी. चिमटीत जाड गादी येत असेल आणि सोडल्यावर त्वचा लगेच जागेवर बसत असेल, तर प्रश्न मुख्यतः चरबीचा आहे, आणि तिथे लायपोसक्शन (नळीने चरबी शोषून काढणे) पुरेसे ठरू शकते. पातळ, सैल घडी हातात येत असेल आणि ती हाताने वर ओढल्यावर मांडी पूर्ववत दिसत असेल, तर प्रश्न त्वचेचा आहे. तो लायपोसक्शनने सुटत नाही, उलट आतली चरबी गेल्याने त्वचा आणखी सैल दिसू शकते. अनेकांच्या बाबतीत दोन्हींची सांगड घालावी लागते. अंतिम निदान अर्थातच सर्जन तपासून करतील, पण हा फरक माहीत असलेल्या माणसाला भलतीच प्रक्रिया विकणे कठीण जाते. त्वचेवरच्या खळग्याखळग्यांसाठी, म्हणजे सेल्युलाइटसाठी, ही शस्त्रक्रिया नाही, आणि वजन उतरवण्यासाठी तर नाहीच.

वजन किमान सहा महिने स्थिर असावे, आणि बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रिया झालेली असल्यास तिच्यानंतर साधारण बारा ते अठरा महिने थांबावे. याची कारणे दोन आहेत. वजन आणखी उतरले तर नुकतीच ताणून शिवलेली त्वचा पुन्हा सैल पडते. आणि वजन झपाट्याने घटत असताना शरीरात प्रथिने, लोह आणि जीवनसत्त्वे यांची चणचण असते, जिचा परिणाम थेट जखम भरण्यावर होतो. बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक) तिशीच्या आत असेल तर धोके कमी असतात. नजीकच्या काळात गरोदरपणाचा विचार असेल, तर ही शस्त्रक्रिया त्यानंतरच करून घ्यावी.

मांड्या किंवा पाय जाड दिसण्याचे कारण प्रत्येक वेळी सैल त्वचा किंवा साधी चरबी हे नसते. दोन्ही पाय नितंबांपासून घोट्यापर्यंत सारखे जाड असतील, दाबल्यावर दुखत असतील, सहज काळेनिळे पडत असतील आणि पावले मात्र सडपातळ असतील, तर तो लिपिडिमा नावाचा वेगळा आजार असू शकतो. पाऊलही सुजत असेल, तर लसिकावाहिन्यांच्या (ऊतींतला द्रव परत वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या) दोषाचा विचार करावा लागतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा यांसारख्या जिल्ह्यांत हत्तीरोगाचा प्रादुर्भाव राहिलेला असल्याने त्या भागात राहिलेल्यांनी पाय सुजल्याचा किंवा जांघेत गाठी येऊन ताप आल्याचा कोणताही पूर्वेतिहास सर्जनला आवर्जून सांगावा, मग ती गोष्ट वीस वर्षांपूर्वीची का असेना. मांडीच्या आतल्या बाजूने पायातील मुख्य लसिकावाहिन्या आणि पृष्ठभागाजवळची मोठी नीला जाते. तिथली व्यवस्था आधीच कमकुवत असेल, तर शस्त्रक्रियेनंतर पायाची सूज कायमची मागे लागू शकते. पायावर फुगलेल्या, वेड्यावाकड्या निळ्या शिरा असतील, तर आधी कलर डॉपलर (रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) तपासणी होते.

दुसरी पायरी: सर्जनची निवड

‘कॉस्मेटिक सर्जन’ ही पाटी कोणी लावावी याबद्दल रुग्णांच्या मनात बराच गोंधळ असतो. पाहायचे ते पदवीकडे: एम.सीएच. (प्लास्टिक सर्जरी) किंवा त्याच विषयातील डीएनबी अथवा डॉ.एनबी. महाराष्ट्रात व्यवसाय करणाऱ्या डॉक्टरांची नोंदणी महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे असते, आणि नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. असोसिएशन ऑफ प्लास्टिक सर्जन्स ऑफ इंडिया या संघटनेचे सदस्यत्व ही पूरक खूण समजावी. शस्त्रक्रिया अशा रुग्णालयात व्हावी, जिथे भूलतज्ज्ञ आहेत, रात्रभर देखरेख होते आणि गरज पडल्यास अतिदक्षता विभाग हाताशी आहे. सणासुदीच्या सवलतीत चार अवयवांची ‘पॅकेज’ विकणाऱ्या ठिकाणांपासून मी तरी चार हात दूर राहण्याचाच सल्ला देईन.

सल्ल्याच्या वेळी आधीच्या रुग्णांची, त्यांच्या संमतीने ठेवलेली छायाचित्रे दाखवली जातात. ती बहुधा उभ्या स्थितीत, पाय जुळवून काढलेली असतात. पाय किंचित फाकलेले असतानाची आणि वर्ष उलटून गेल्यानंतरची छायाचित्रे मागावीत, कारण वण खरा कळतो तो त्यांतच. जखम उघडली तर ती कोण पाहणार, त्याचा खर्च कोणाचा, आणि दुरुस्तीची शस्त्रक्रिया करावी लागली तर पैसे पुन्हा किती लागतील, याची उत्तरे लेखी घ्यावीत.

तिसरी पायरी: वण कुठे येणार हे समजून घेणे

सैलपणा मांडीच्या फक्त वरच्या तृतीयांश भागात असेल, तर जांघेच्या घडीतून चंद्रकोरीसारखा तुकडा काढला जातो. हा वण अंतर्वस्त्राखाली झाकला जातो, पण या पद्धतीची पोच मर्यादित आहे. गुडघ्याजवळची त्वचा तिने उचलली जात नाही. भरपूर वजन उतरलेल्यांमध्ये त्वचा मांडीच्या घेरातच जादा असते, आणि तिथे मांडीच्या आतल्या बाजूने जांघेपासून गुडघ्याच्या आसपासपर्यंत उभा छेद घेऊन त्वचेची पाचर काढावी लागते. हा वण लांब असतो, आणि आखूड कपड्यांत दिसतो. मांडीची बाहेरची बाजू आणि नितंब ओघळले असतील, तर कमरेभोवतून केली जाणारी लोअर बॉडी लिफ्ट ही आणखी मोठी शस्त्रक्रिया सुचवली जाते आणि आतल्या मांडीचे काम बहुधा नंतरच्या टप्प्यासाठी ठेवले जाते.

छोट्या वणाचा मोह स्वाभाविक आहे. मात्र ज्याला उभ्या छेदाची गरज आहे, त्याने वण लपावा म्हणून जांघेतल्याच छेदाचा आग्रह धरला, तर थोडक्या जागेवर फार ताण येतो, आणि वण रुंदावण्याची व सरकण्याची शक्यता नेमकी त्यानेच वाढते. वणापेक्षा घासणे आणि खाज यांचा त्रास तुम्हाला अधिक आहे का, हा प्रश्न या ठिकाणी स्वतःला प्रामाणिकपणे विचारावा. उत्तर ‘नाही’ असेल, तर थांबणे हा पूर्णपणे सन्मान्य निर्णय आहे.

चौथी पायरी: तयारी

तंबाखू किमान चार आठवडे आधी आणि चार आठवडे नंतर पूर्ण बंद असावी. निकोटिनमुळे त्वचेच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात आणि ताणून शिवलेल्या कडांना रक्त कमी पडून त्या काळ्या पडू शकतात. ‘मी सिगारेट ओढत नाही’ हे उत्तर येथे पुरेसे नाही. मिश्री, गुटखा, मावा आणि चुन्याबरोबर मळलेली तंबाखू या सर्वांतून निकोटिन रक्तात जाते. सकाळी दातांना मिश्री लावण्याची सवय अनेक स्त्रियांना व्यसन वाटतच नाही, म्हणून डॉक्टरांनी विचारले नाही तरी ती स्वतःहून सांगावी.

अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या, ई जीवनसत्त्व, माशाच्या तेलाच्या किंवा लसणाच्या कॅप्सूल यांनी रक्तस्राव वाढू शकतो. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढतो. काढे आणि आयुर्वेदिक चूर्णांसह सर्व औषधांची यादी द्यावी, मात्र हृदयासाठी किंवा स्टेंटनंतर सुरू असलेले औषध स्वतःच्या मनाने बंद करू नये. वजन उतरवण्यासाठी आठवड्याला एक इंजेक्शन घेत असाल, तर ते भूलतज्ज्ञांना कळलेच पाहिजे, कारण त्यामुळे जठर सावकाश रिकामे होते आणि उपाशीपोटी असूनही भूल देताना अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका राहतो.

रक्ताच्या तपासण्यांत हिमोग्लोबिन, साखर व एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी), अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) आणि रक्त गोठण्याची चाचणी या प्रमुख असतात. बॅरिअ‍ॅट्रिक रुग्णांत लोह, बी१२ आणि ड जीवनसत्त्वही पाहतात. सिकलसेलचा कौटुंबिक इतिहास असल्यास तीही चाचणी आधी करून घ्यावी. बॅरिअ‍ॅट्रिक शस्त्रक्रियेनंतर दिवसाला सामान्यतः ६० ते ८० ग्रॅम प्रथिने घ्यायला सांगतात. शाकाहारी माणसाचे ते केवळ वरण-भातावर भागत नाही, तेव्हा पनीर, सोयाबीन, दही, कडधान्ये किंवा प्रथिनांची पावडर यांचा मेळ आहारतज्ज्ञांच्या मदतीने काही आठवडे आधीच बसवावा.

जांघेतला नायटा शस्त्रक्रियेआधी पूर्ण बरा झालेला असावा. औषधांच्या दुकानातून परस्पर घेतलेली, स्टिरॉइड मिसळलेली मलमे येथे विशेष घातक ठरतात: खाज तात्पुरती थांबते, पण बुरशी दबा धरून राहते आणि नेमकी ज्या त्वचेला टाके धरून ठेवायचे आहेत तीच पातळ होते. त्वचारोगतज्ज्ञांकडून रीतसर उपचार घेण्यात महिना-दोन महिने गेले, तरी तो वेळ सत्कारणी लागला असे समजावे. केस काढायला घरी वस्तरा किंवा रेझर वापरू नये. बारीक जखमांतून जंतुसंसर्ग होतो, म्हणून गरज पडल्यास रुग्णालयातच क्लिपरने केस काढतात.

घरची तयारीही याच पायरीत येते. भारतीय पद्धतीच्या संडासात उकिडवे बसल्याने जांघेच्या टाक्यांवर थेट ताण येतो, त्यामुळे घरात कमोड नसेल तर कमोडची खुर्ची भाड्याने किंवा विकत आणावी. झोपायला जमिनीवरची गादी नको, गुडघ्याच्या उंचीची खाट हवी. सैल गाऊन किंवा लुंगी आणि प्रेशर गारमेंटचे (मांड्या घट्ट आवळून धरणाऱ्या वस्त्राचे) दोन जोड लागतात, म्हणजे एक धुवायला टाकता येतो. लिफ्ट नसलेल्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहत असाल, तर पहिले काही दिवस दुसरीकडे सोय होते का पाहावे. पाळीची अंदाजे तारीखही हिशेबात धरावी. ओला पॅड आणि ताजे टाके यांची गाठ शक्यतो पडू नये. निवडायला वाव असेल, तर मी कोकण, मुंबई किंवा गोव्यातल्या रुग्णाला जून ते सप्टेंबर टाळून थंडीचे महिने सुचवीन.

पाचवी पायरी: शस्त्रक्रियेचा दिवस

घन अन्न किमान सहा तास आधी आणि साधे पाणी दोन तास आधी बंद, हा सर्वसाधारण नियम आहे. रुग्णालयाने वेगळे सांगितले तर ते पाळावे. भूल देण्यापूर्वी सर्जन तुम्हाला उभे करून मांड्यांवर पेनने रेषा आखतात, कारण आडवे झाल्यावर त्वचेचा ओघळ दिसत नाही. ही वेळ अवघडल्यासारखी वाटू शकते. खोलीत स्त्री परिचारिका असावी, अशी मागणी मोकळेपणाने करावी. भूल संपूर्ण असते किंवा पाठीतून देऊन कमरेखालचा भाग बधिर करतात. शस्त्रक्रियेला साधारण दोन ते चार तास लागतात, आणि लायपोसक्शनची जोड असल्यास अधिक. शुद्धीवर आल्यावर मांड्यांवर पट्ट्या किंवा प्रेशर गारमेंट, लघवीची नळी आणि बहुधा प्रत्येक बाजूला एक ड्रेन (जखमेतला स्राव बाहेर काढणारी नळी) असतो. त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी आधार देऊन चालवतात, आणि त्यात चालढकल करू नये, कारण पायात रक्ताची गुठळी होऊ नये यासाठी लवकर चालणे, पोटऱ्या दाबणारे यंत्र आणि धोका अधिक असल्यास हेपरिनच्या गटातील इंजेक्शने यांवरच भिस्त असते. मुक्काम बहुधा एक-दोन रात्रींचा असतो.

सहावी पायरी: पहिले तीन आठवडे

वेदना पहिले तीन-चार दिवस सर्वांत जास्त असतात आणि गोळ्यांनी आटोक्यात राहतात. त्यापेक्षा ताठरपणा आणि अवघडलेपण अधिक जाणवते. पावले छोटी टाकावीत, पाय फाकवू नयेत. गाडीत बसताना आधी सीटवर टेकून मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत, आणि पलंगावरून उतरतानाही तसेच करावे. झोपताना गुडघ्यांखाली उशी घ्यावी.

ड्रेनमध्ये जमलेला स्राव रोज ठरावीक वेळी मोजून वहीत लिहावा. चोवीस तासांतला स्राव साधारण ३० मिलिलीटरच्या खाली आला की ड्रेन काढतात. स्राव आधी लालसर आणि मग पिवळसर होत जातो. तो अचानक गडद लाल आणि भरपूर येऊ लागला, तर त्याच क्षणी रुग्णालयाला कळवावे.

जांघ कोरडी आणि स्वच्छ ठेवणे हे या काळातले खरे काम आहे. दर वेळी लघवी व शौचानंतर पाण्याने हलकेच धुऊन, स्वच्छ मऊ कापडाने टिपून कोरडे करावे. घासू नये, आणि स्त्रियांनी धुताना व पुसताना हात पुढून मागेच न्यावा. प्रेशर गारमेंट मध्यभागी उघडे असलेले घ्यावे, म्हणजे प्रत्येक वेळी ते उतरवावे लागत नाही. आंघोळ सर्जनने परवानगी दिल्यावर उभ्यानेच करावी. बद्धकोष्ठामुळे कुंथावे लागते आणि टाक्यांवर ताण येतो, म्हणून पाणी, ताक, फळे आणि गरज पडल्यास डॉक्टरांनी दिलेले सौम्य रेचक सुरू ठेवावे. हळद, तूप, कोरफड यांपैकी काहीही उघड्या जखमेवर लावू नये. घरातल्या ज्येष्ठांचा आग्रह प्रेमाचा असला, तरी येथे नम्रपणे नकार द्यावा.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात जांघेतला आडवा आणि मांडीवरचा उभा छेद जिथे मिळतात, त्या कोपऱ्यात जखम थोडीशी उघडणे ही नेहमीची घटना आहे. त्या टोकाला रक्तपुरवठा सर्वांत कमी आणि ताण सर्वांत जास्त असतो. पाहून जीव घाबरतो, पण बहुतेक वेळा नियमित ड्रेसिंगने ती काही आठवड्यांत भरून येते आणि पुन्हा टाके घालावे लागत नाहीत. भरपूर वजन उतरलेल्या रुग्णांच्या काही अभ्यासांत निम्म्याहून अधिक जणांना लहानमोठी कोणती तरी गुंतागुंत झाल्याची नोंद आहे, आणि तीत जखम उघडणे, त्वचेखाली पाणी साठणे व जंतुसंसर्ग हेच प्रामुख्याने येतात. पाणी साठल्यास ते सुईने काढतात, आणि कधी कधी हे दोन-तीनदा करावे लागते. तेव्हा रजा मागतानाच दोन आठवड्यांऐवजी तीन-चार आठवड्यांची मागावी.

काही लक्षणांना मात्र वाट पाहण्याची मुभा नाही. एकाच पायाची पोटरी सुजून दुखणे, अचानक धाप लागणे, छातीत दुखणे किंवा खोकल्यातून रक्त येणे ही रक्ताची गुठळी फुप्फुसात गेल्याची चिन्हे असू शकतात, आणि तेव्हा १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून थेट मोठे रुग्णालय गाठावे. एक मांडी तासाभरात फुगून टणक होणे, १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप, पसरत जाणारी लाली किंवा दुर्गंधीयुक्त पू यांसाठी त्याच दिवशी सर्जनला दाखवावे.

सातवी पायरी: पुढचे महिने

बैठे काम साधारण दोन ते तीन आठवड्यांनी सुरू करता येते. प्रेशर गारमेंट बहुधा चार ते सहा आठवडे घालावे लागते. मांडी घालून बसणे, उकिडवे बसणे, दुचाकी चालवणे किंवा तिच्यावर मागे बसणे, जिना धावत चढणे, व्यायामशाळा आणि शरीरसंबंध या सर्वांसाठी सहा आठवडे धरून चालावे. घरी पूजा किंवा पंगत असेल, तर त्या काळात खुर्चीवर बसावे आणि कोणी विचारल्यास पाठदुखी सांगून मोकळे व्हावे. लोकल ट्रेनने जाणाऱ्यांनी गर्दीच्या वेळचा प्रवास शक्य तितका लांबणीवर टाकावा. परदेशातून येऊन पुण्या-मुंबईत शस्त्रक्रिया करून घेणाऱ्यांनी परतीचे तिकीट सर्जनला विचारूनच काढावे. लांब विमानप्रवासात गुठळ्यांचा धोका वाढतो, आणि जखम उघडली तर ती पाहणारे डॉक्टर इथेच राहतात.

सूज तीन ते सहा महिने उतरत राहते, आणि घोट्याजवळची सूज संध्याकाळी अधिक दिसते. मांडीच्या आतल्या बाजूची बधिरता हळूहळू कमी होते, काहींच्या बाबतीत थोडी राहते. वण पहिले काही महिने लाल किंवा गडद, उंचावलेला आणि खाजरा असतो. तो फिका व मऊ होण्यास बारा ते अठरा महिने लागतात. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेत वण काळपट राहण्याची आणि जाड होण्याची प्रवृत्ती अधिक आढळते. छातीवर, खांद्यावर किंवा कान टोचल्याच्या जागी पूर्वी केलॉइड (जखमेच्या बाहेर वाढत जाणारा जाड वण) आले असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगायचे असते. जखम पूर्ण भरल्यावर सिलिकॉन जेल किंवा पट्टी काही महिने वापरतात, आणि वण जाड होऊ लागल्यास त्यात इंजेक्शन देण्याचाही उपाय आहे.

खर्च शहर, रुग्णालय आणि छेदाची व्याप्ती यांनुसार बराच बदलतो. अंदाजपत्रकात भूलतज्ज्ञ, शस्त्रक्रियागृह, प्रेशर गारमेंट, ड्रेसिंग आणि जीएसटी धरले आहेत का, ते पाहावे. सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रिया आरोग्य विम्यातून वगळलेल्या असतात. अपघात, भाजणे, कर्करोग किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केलेली वैद्यकीय गरज हे त्यातले अपवाद आहेत. वारंवार होणारा त्वचासंसर्ग आणि जखमा यांच्या नोंदी, छायाचित्रे व त्वचारोगतज्ज्ञांची पत्रे हाताशी असतील, तर विमा कंपनीकडे पूर्वमंजुरीचा अर्ज करून पाहण्यास हरकत नाही. मंजुरी हातात येण्यापूर्वी मात्र शस्त्रक्रियेची तारीख पक्की करू नये.

दोन्ही मांड्यांत थोडा फरक राहिला, वण रुंदावला किंवा जांघेत त्वचेचा कोपरा वर उभा राहिला, तर लहानशी दुरुस्ती स्थानिक भुलेखाली करता येते. तिची घाई करू नये. सूज उतरून वण मऊ होईपर्यंत, म्हणजे साधारण वर्षभर, बहुतेक सर्जन त्याला हात लावत नाहीत, आणि तोपर्यंत यांपैकी काही तक्रारी आपोआपच कमी झालेल्या असतात.